जिऱ्या-मिऱ्यांची मोजदाद : द्रव्यमर्यादेतील एका जुन्या प्रश्नाचा इतिहास

सकाळी चौदा नियम धारण करताना एखादी श्राविका ‘आज दहा द्रव्ये’ असा संकल्प करते. दुपारी ताटात पोळी, भात, भाजी आणि आमटी येते. आमटीत तुरीची डाळ आहे. फोडणीत मोहरी, जिरे, हिंग व हळद आहे. शिवाय तिखट, मीठ, गूळ, आमसूल आणि धण्याची पूड पडलेली आहे. प्रत्येक जिन्नस स्वतंत्र मोजावयाचा ठरविल्यास दहाचा आकडा एकट्या आमटीतच पूर्ण होतो आणि पोळीला हात लावण्यापूर्वीच नियमाची हद्द येते. उलट मसाला मुळीच मोजावयाचा नाही असे म्हटले, तर चटणी, लोणचे आणि मुखवास यांना मोकळे रान मिळते व ज्या जिभेला आवर घालण्यासाठी नियम घेतला तीच जीभ नियमातून निसटते. हा प्रश्न घरोघरी, विशेषतः चातुर्मासात, विचारला जातो आणि बहुधा हसण्यावारी नेला जातो. वस्तुतः तो फार जुना असून आपल्या पूर्वाचार्यांनी त्याचा गंभीरपणे विचार करून ठेवलेला आहे.

आहाराची यादी करून मर्यादा घालण्याचा सर्वांत विस्तृत प्राचीन दाखला ‘उपासकदशांग’ या सातव्या अंगसूत्रात मिळतो. वाणिज्यग्रामातील आनंद हा गाथापती भगवान महावीरांजवळ श्रावकाची व्रते घेतो. त्याची संपत्ती लहानसहान नव्हती : चार कोटी सुवर्ण निधीत पुरलेले, चार कोटी व्याजव्यवहारात, चार कोटी घरसंसारात आणि दहा-दहा हजार गायींचे चार गोकुळ. असा मनुष्य उपभोग-परिभोगाचे परिमाण करताना कोणत्या वस्तू ठेवतो हे सूत्रात एकेक करून सांगितले आहे. दातवणासाठी ओले ज्येष्ठमध, फळांत गोड आवळा, अभ्यंगासाठी शतपाक व सहस्रपाक तेल, स्नानाला आठ घडे पाणी, वस्त्रांत क्षौमाची एक जोडी. (जोडीपलीकडे वस्त्र नाही, ही नोंद कापडाच्या पेढीवर बसणाऱ्याने दोनदा वाचावी अशी आहे!) पुढे भोजनाचा क्रम येतो. पेय, पक्वान्न, भात, डाळी, तूप, पालेभाजी, आंबटात टाकलेले डाळीचे पदार्थ, पिण्यास पावसाचे पाणी, अशा प्रत्येक वर्गात एक वा मोजके प्रकार ठेवून बाकीच्यांचा त्याग आहे. शरद ऋतूतील गायीचे तूप ठेवले, म्हणजे इतर तूप गेले.

या यादीत मीठ, जिरे, मिरी यांची वेगळी नोंद नाही. डाळीत वा आंबट पदार्थात जे पडले असेल ते त्या पदार्थाच्या नावाखाली गेले. परंतु यादीच्या शेवटी मुखवास हा स्वतंत्र वर्ग आहे आणि तेथे पाच सुगंधी द्रव्यांनी युक्त असा तांबूल एवढाच ठेवला आहे. अकराव्या शतकातील टीकाकार अभयदेवसूरी ही पाच द्रव्ये वेलची, लवंग, कापूर, कंकोळ व जायफळ अशी सांगतात. म्हणजे लवंग पदार्थात विरघळली तर तिचा वेगळा हिशेब नाही. तीच लवंग जेवणानंतर केवळ तोंडाला वास यावा म्हणून घेतली, तर तिचा वर्ग वेगळा आणि तिला मर्यादाही वेगळी. पुढच्या दीड-दोन हजार वर्षांत या विषयावर जे जे लिहिले गेले त्याचे बीज या एका नोंदीत दिसते. या सूत्राचा इंग्रजी अनुवाद हर्नले या पंडिताने कलकत्त्याहून 1885 ते 1890 या काळात प्रसिद्ध केला, तेव्हा आनंद श्रावकाची ही यादी पाश्चात्त्य अभ्यासकांपुढेही गेली.

तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात बाह्य तपाचे सहा प्रकार सांगताना उमास्वातींनी वृत्तिपरिसंख्यान व रसपरित्याग ही दोन तपे वेगवेगळी ठेवली आहेत. पहिले मुनींच्या भिक्षेतील अभिग्रहाशी संबंधित असले तरी श्रावकाच्या आचारात ते वृत्तिसंक्षेप या नावाने, म्हणजे द्रव्यांची संख्या कमी करणे या रूपात रुळले. दुसरे तप रसाच्या, म्हणजे स्वादाच्या व पौष्टिकतेच्या त्यागाचे. संख्येचे खाते निराळे आणि रसाचे खाते निराळे, हा भेद लक्षात न घेतल्यामुळेच मसाल्याच्या प्रश्नावर बरेचसे वाद होतात.

आहाराचे चार प्रकार तर प्रत्येक पच्चक्खाणात उच्चारले जातात : अशन, पान, खादिम आणि स्वादिम. तेराव्या शतकातील तपागच्छाचे आचार्य देवेंद्रसूरी यांनी पच्चक्खाण-भाष्यात यांची उदाहरणे दिली आहेत. स्वादिमामध्ये ते सुंठ, जिरे, ओवा, मध, गूळ, तांबूल यांची गणना करतात. मसाला हा आहारच नव्हे, ही समजूत यामुळे टिकत नाही. तो आहार आहे, पण चौथ्या पायरीचा. म्हणूनच चौविहार करणाऱ्याला सूर्यास्तानंतर वेलचीचा दाणाही चालत नाही. दुविहार करणाऱ्याने मात्र अशन व खादिम सोडलेले असल्याने त्याला पाणी आणि स्वादिम मोकळे राहते. त्याच भाष्यात कडुनिंबासारख्या वस्तू अनाहार म्हणून वेगळ्या काढल्या आहेत. कडुनिंबही पोटातच जातो आणि ओवाही पोटातच जातो. दोहोंचे वजन सारखे असू शकते. तरी एक आहार आणि दुसरा अनाहार, कारण ओव्याची जिभेला ओढ असते व कडुनिंबाची नसते. येथे वजनाचा काटा वापरलेलाच नाही.

आता मूळ प्रश्नाकडे, म्हणजे आमटीकडे यावे. याचे स्पष्ट उत्तर रत्नशेखरसूरींच्या ‘श्राद्धविधि’ या ग्रंथात व त्यावरील त्यांच्याच टीकेत आहे. हा ग्रंथ विक्रम संवत 1506 मधील, म्हणजे आज त्याला पावणेसहाशे वर्षे होत आली. श्रावकाचे दिवसाचे, रात्रीचे, पर्वाचे, चातुर्मासाचे, वर्षाचे आणि जन्माचे कृत्य सांगणारा हा ग्रंथ अतिशय व्यवहारी आहे. चौदा नियमांपैकी द्रव्य या नियमाचे विवेचन करताना तेथे म्हटले आहे की, सचित्त व विगई यांची गणना त्यांच्या त्यांच्या नियमात होते. त्या वगळून मुखात घातले जाणारे सर्व काही द्रव्य होय. मात्र धातूची सळई, बोट इत्यादी तोंडात गेले तरी ते द्रव्य नव्हे. हा अपवाद वाचून हसू येईल, पण एवढ्या बारकाव्याने विचार करणाऱ्याने मसाल्याचा प्रश्न सोडला असेल असे मानण्याचे कारण नाही.

त्यांचा निकष परिणामाचा आहे. अनेक जिनसा एकत्र येऊन जेथे एक नवा पदार्थ परिणत झाला, तेथे तो पदार्थ एक द्रव्य. खिचडी, लापशी, चुरमा, पापड, खीर ही उदाहरणे त्यांनी दिली आहेत. खिचडीत तांदूळ आहे, डाळ आहे, इतर जिनसा आहेत, तरी खिचडी एकच. याच्या उलट, एकाच गव्हाची पोळी, जाड रोटी, खाखरा, घुगरी असे निरनिराळे पदार्थ झाले, तर धान्य एक असूनही नाव व स्वाद वेगळे म्हणून प्रत्येक पदार्थ वेगळे द्रव्य. ताणा-बाण्याचे धागे मोजून कोणी साडी विकत नाही. साडी हा एक नग. पण त्याच सुताचे धोतर, उपरणे आणि साडी विणली, तर ते तीन नग होतात आणि ‘सूत तर एकच होते’ हे म्हणणे कोणी ऐकून घेत नाही. रत्नशेखरसूरींची मोजणी नेमकी या जातीची आहे.

या निकषाने आमटी एक द्रव्य ठरते. तिच्यातील मोहरी-जिरे-हळद आमटीत परिणत झाली. तेल व गूळ यांचा हिशेब विगईच्या नियमात जातो. तो दुहेरी लावावयाचा नाही आणि बुडवावयाचाही नाही. परंतु ताटात आल्यावर वरून भुरभुरलेली जिऱ्याची पूड, बाजूला वाढलेले मीठ, पिळलेले लिंबू, चिमटीने घेतलेली चटणी यांना आमटीच्या नावाखाली ढकलता येणार नाही. त्यांचे नाव वेगळे राहिले आणि स्वादही वेगळाच राहिला. परंपरेने सामान्यतः असेच शिकविले जाते. तूप लावलेली पोळी, दहीभात, कढी-खिचडी यांविषयी मात्र सर्वत्र एकवाक्यता नाही. नियम घेतेवेळीच गुरुभगवंतांना विचारून आपली मोजणी ठरवून घ्यावी आणि मग ती सोयीप्रमाणे बदलू नये, ही जुन्या माणसांची रीत योग्य वाटते. सायंकाळी नियम संभारताना, म्हणजे दिवसाचा ताळा घेताना, मोजणीची रीत बदलून शिल्लक दाखविणे हा रोजमेळातील खाडाखोडीचाच प्रकार होय. पावभाजी, भेळ, मिसळ असे पंधरा-वीस जिनसांचे पदार्थ ‘एक द्रव्य’ म्हणून मोजण्याची आजची चतुराई अक्षरशः नियमात बसत असेलही. पण भेळेतील शेव, कुरमुरे, चिंचेची चटणी व वरचा मसाला कालवताना एकमेकांत परिणत होतात काय, हे ज्याचे त्याने प्रामाणिकपणे पाहावे.

दिगंबर आम्नायात हा विषय दुसऱ्या वाटेने आला आणि दक्षिण महाराष्ट्रातील मराठी भाषक जैनांत ती वाट अधिक परिचित आहे. समंतभद्राचार्यांच्या ‘रत्नकरण्ड श्रावकाचारा’त भोगोपभोगपरिमाण व्रताचे दोन भेद आहेत : जन्मभराचा त्याग तो यम आणि ठरावीक काळाचा तो नियम. आज, दिवसभर, रात्रभर, पक्ष, मास, ऋतू, अयन अशा मुदती तेथे दिल्या असून भोजन, वाहन, शय्या, स्नान, वस्त्र यांच्या जोडीला तांबूलाचाही उल्लेख आहे. याच ग्रंथात अल्प फळासाठी बहुविघात होणाऱ्या त्याज्य वस्तूंत मुळ्याबरोबर ओले आले येते. येथे मसाल्याकडे पाहण्याची तिसरी दृष्टी दिसते, ती म्हणजे हिंसेची. ओले आले व ओली हळद अनंतकाय म्हणून वर्ज्य. तेच वाळून सुंठ व हळकुंड झाले की घराघरांत चालते. आमटीत आल्याचा कीस चमचाभरच पडतो, पण अनंतकायाच्या बाबतीत ‘थोडेसेच आहे’ हा बचाव परंपरेने कधीही मान्य केलेला नाही. या खात्यात मसाला पै-पैने मोजला जातो.

वट्टकेरांच्या ‘मूलाचारा’त रसपरित्याग तपाचे वर्णन करताना दूध, दही, तूप, तेल व गूळ यांच्या पंक्तीला मीठ बसविले आहे. श्वेतांबर परंपरेतील सहा विगया पाहाव्यात : दूध, दही, तूप, तेल, गूळ आणि सहावी कढाविगई, म्हणजे तळलेले. पहिली पाच नावे दोन्हीकडे सारखी आहेत. सहाव्या जागी एकीकडे कढई आहे आणि दुसरीकडे मीठ. मिठाने अंगात मेद येत नाही, बळही येत नाही. तरीही त्याला तुपाच्या बरोबरीने रस मानणाऱ्या आचार्यांनी माणसाच्या जिभेची परीक्षा अचूक केली होती असे म्हणावे लागते. अलोणे जेवण एक दिवस करून पाहिले की याची खात्री पटते. रविवारी मीठ सोडण्याचा नियम आजही अनेक दिगंबर कुटुंबांतील वडीलधारी माणसे पाळतात. पंधराव्या शतकात गुणकीर्तींनी ‘धर्मामृत’ लिहून श्रावकाचाराचा विषय मराठी गद्यात आणला. उत्तरेत ‘श्राद्धविधि’ रचला गेला त्याच शतकात मराठी श्रावकालाही आपल्या भाषेत आचारग्रंथ मिळाला, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही.

आयंबिलात रसाच्या खात्याचे सर्वांत कडक रूप दिसते. जुन्या नियुक्तीत आयंबिलाचे भात, कुल्माष व सातू असे तीनच प्रकार सांगितले आहेत. पुढे पदार्थ वाढले, पण तत्त्व राहिले : सहाही विगया नाहीत, हिरवी भाजी नाही, फळ नाही, मसाला नाही, आणि जेवण एकाच आसनावर एकदाच. चैत्र व आश्विन शुद्ध सप्तमीपासून पौर्णिमेपर्यंत नवपदाच्या ओळीत नऊ दिवस हे तप चालते. या तपाशी जोडलेली श्रीपाल-मयणासुंदरीची कथा घराघरांत पोहोचविणारा ‘श्रीपाल रास’ विनयविजयजींनी संवत 1738 मध्ये रांदेर येथे रचावयास घेतला आणि त्यांच्या कालधर्मानंतर उपाध्याय यशोविजयजींनी पूर्ण केला.

आयंबिलशाळेत हळद, धणे, जिरे, लाल तिखट नसते. परंतु बहुतेक ठिकाणी मीठ, मिरी, सुंठ व हिंग चालतात. मसाला नाही म्हणता म्हणता हे चार जिन्नस कसे आले, असा प्रश्न तरुण मंडळी विचारतात आणि तो रास्त आहे. डाळी-कडधान्यांचे कोरडे, स्निग्धतारहित अन्न नऊ दिवस पचावे, वात होऊ नये, यासाठी ही सवलत, असे उत्तर परंपरेत मिळते. म्हणजे ती औषधाच्या हक्काने आली आहेत. हा हक्क ओलांडून डोशा-इडलीपासून अनेक चटकदार पदार्थ याच चार जिनसांवर बेतले जाऊ लागले आहेत, हे मात्र कौतुकाने सांगण्यासारखे वाटत नाही. लाल मिरचीविषयी एक गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. ती मूळची अमेरिका खंडातील असून सोळाव्या शतकात पोर्तुगीजांमार्फत भारतात आली. त्यामुळे उपासकदशांगात, देवेंद्रसूरींच्या भाष्यात किंवा रत्नशेखरसूरींच्या काळच्या स्वयंपाकघरात ती असणे शक्यच नव्हते. तेव्हाचे तिखट म्हणजे मिरी. आयंबिलाने ते जुने तिखट ठेवले व नवे बाहेर ठेवले.

द्रव्ये मोजण्याची रीत जैनांपुरती राहिली नाही. 1915 साली हरिद्वारच्या कुंभमेळ्यात महात्मा गांधींनी व्रत घेतले की, भारतात असताना चोवीस तासांत पाचांहून अधिक पदार्थ खावयाचे नाहीत आणि अंधार पडल्यावर जेवावयाचे नाही. गुजरातमधील वाचकाला यात द्रव्यमर्यादा व रात्रिभोजनत्याग लगेच ओळखू येतात. या व्रतापूर्वी त्यांनी पळवाटांचा विचार केला होता, हे त्यांच्या आत्मकथेत आहे. आजारपणात औषधही पाचांत मोजावे लागले तर काय होईल, हे त्यांनी मनाशी घोळवले आणि कशालाही अपवाद ठेवावयाचा नाही असे ठरविले. पच्चक्खाणात आगार, म्हणजे सवलती, आधीच उच्चारून ठेवण्याची आपली पद्धत याहून निराळी आहे. दोन्हींत एक गोष्ट समान आहे : काय मोजावयाचे ते जेवावयास बसण्यापूर्वी ठरते.

गेल्या शतकात आहार मोजण्याचे एक नवे शास्त्र उदयास आले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत अॅटवॉटर या रसायनशास्त्रज्ञाने पिष्ट व प्रथिन यांचे ग्रॅममागे चार आणि स्निग्धाचे नऊ उष्मांक ठरविले. भारतात अॅक्रॉइड यांनी 1937 मध्ये कुन्नूरहून भारतीय अन्नपदार्थांची पोषणमूल्ये प्रसिद्ध केली. तेच कार्य पुढे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने चालविले आणि 2017 मध्ये नवे कोष्टक काढले. या कोष्टकांत मसाल्यांचा वर्ग वेगळा ठेवलेला असतो. शंभर ग्रॅम जिऱ्यात सुमारे साडेतीनशे उष्मांक भरतात, पण शंभर ग्रॅम जिरे खातो कोण? आमटीतील अर्ध्या चमच्याचे चार-सहा उष्मांक होतात. म्हणून वजन कमी करणाऱ्यास आहारतज्ज्ञ सांगतात की हळद-जिरे सोडून द्या, फोडणीचे तेल मात्र मोजा, कारण एका लहान चमच्यात चाळीसच्या आसपास उष्मांक असतात. जिरे पदार्थात विलीन आणि तेलाचे खाते स्वतंत्र, ही विभागणी रत्नशेखरसूरींच्या वाचकाला नवी वाटणार नाही, जरी दोघांचे हेतू सर्वस्वी भिन्न असले तरी.

मिठापाशी मात्र उष्मांकाचा हिशेब तोकडा पडतो. मिठात उष्मांक शून्य. तरी जागतिक आरोग्य संघटना प्रौढाने दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट लहान चमच्याहून कमी, मीठ घ्यावे असे सांगते. त्यात लोणचे, पापड, फरसाण व चटण्या यांतील मीठही धरलेले आहे. आपल्या समाजात उच्च रक्तदाबाचे रुग्ण घरोघरी आहेत आणि ताटात वरून मीठ घेण्याची सवयही घरोघरी आहे. अशा ज्येष्ठांनी मूलाचारातील सहावा रस पुन्हा वाचावा. मात्र ज्यांना वैद्यकीय कारणाने मीठ हवे आहे किंवा जे औषधे घेत आहेत, त्यांनी अलोणे व्रत डॉक्टरांना सांगूनच करावे.

हिंसेच्या खात्यातील अडचण आजच्या बाजारात अधिक बिकट झाली आहे. पूर्वी मसाला घरी कांडला जाई. काय पडले ते कांडणारीला माहीत असे. आज पुडीवरील घटकांच्या यादीत अनेकदा नुसते ‘मसाले’ एवढेच छापलेले असते. भारतीय लेबल-नियमांत मसाल्यांसाठी असे सामूहिक नाव देण्याची मुभा आहे, आणि हिरवा ठिपका केवळ शाकाहाराची खूण असल्याने कांदा-लसूण असलेल्या पदार्थावरही तोच असतो. डबीतील हिंगही शुद्ध नसते. त्यात डिंक व बहुधा पीठ मिसळलेले असते, हे आयंबिलाच्या दिवशी तरी ध्यानात घेणे भाग आहे. डिसेंबर 2021 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने, पदार्थातील प्रत्येक घटक, मग त्याचे प्रमाण कितीही अल्प असो, वनस्पतिजन्य की प्राणिजन्य हे ग्राहकाला कळले पाहिजे असा आदेश दिला. न्यायालयासमोर द्रव्यमर्यादेचा प्रश्न अर्थातच नव्हता. पण चिमूटभर घटकही ग्राहकाच्या श्रद्धेच्या दृष्टीने मोजण्यास पात्र ठरतो, हे त्यातून कायद्याने मान्य झाले. कंद कोणता व कोणत्या रूपात पडला, हे मात्र नुसत्या ‘वनस्पतिजन्य’ या शब्दावरून कळत नाही. तोपर्यंत मिक्सरच्या भांड्यात धणे, जिरे, मिरी व सुंठ घालून आठवड्याचा मसाला घरी दळणाऱ्या श्राविकेलाच तिच्या आमटीत किती जिन्नस आहेत हे ठाऊक असते, मग ती ते एक मोजो की दहा.